वाढीचा दर छापताना त्यामागचे समीकरणही छापावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानावर ‘या काळात अर्थव्यवस्था दरवर्षी सरासरी इतक्या टक्क्यांनी वाढली’ अशा अर्थाची वाक्ये वरचेवर येतात आणि मी ती आवर्जून वाचतो. तो आकडा कोणत्या रीतीने काढला, हे मात्र त्या वाक्यात जवळजवळ कधीच नसते. हे पत्र लिहिण्याचे निमित्त तसे लहान आहे. मी संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो असलो, तरी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे काही प्रकल्प अजूनही माझ्याकडे वाचायला येतात. यंदा चौघांनी एकच विषय घेतला होता: २०११-१२ ते २०१९-२० या नऊ वर्षांतील भारताच्या सकल देशांतर्गत उत्पादनाचा वाढीचा दर. आकडेवारीही चौघांची एकच होती. उत्तरे मात्र ६.५७ टक्के, ६.७२ टक्के, ६.९५ टक्के आणि २.९२ टक्के अशी चार आली, आणि ‘संगणकाने काढलेला दर’ हे शब्द चारही प्रकल्पांत होते.

यांतले एकच उत्तर चुकीचे आहे. उरलेली तीन तीन वेगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरे आहेत. हा फरक विद्यार्थ्यांना माहीत नव्हता, याचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही. तो वृत्तपत्रांच्या वाचकांपर्यंतही कधी पोचत नाही, हे अधिक खटकले म्हणून आपल्याला लिहीत आहे.

मूळ कल्पना सोपी आहे. पतपेढीत ठेवलेली ठेव द. सा. द. शे. आठ टक्के चक्रवाढीने वाढते, तेव्हा दर वर्षी मिळणारे रुपये वाढत जातात पण टक्का तोच राहतो. अर्थव्यवस्थेची वाढही आपण टक्क्यांतच मोजतो. म्हणून उत्पादनाचे आकडे जसेच्या तसे कागदावर मांडून त्यांतून सरळ रेषा काढली, तर त्या रेषेचा अर्थ ‘दर वर्षी इतके लाख कोटी रुपये’ असा होतो आणि टक्का वर्षागणिक घटत जातो. त्याऐवजी उत्पादनाचा लॉग घेतला आणि त्यातून सरळ रेषा काढली, तर तिचा चढ म्हणजेच स्थिर टक्केवारीची वाढ होते. समीकरण इतकेच: लॉग (उत्पादन) = अ + ब × काळ + त्रुटी. यातला ‘ब’ हा आपल्याला हवा असलेला सहगुणक, म्हणजे त्या रेषेचा चढ. ज्यांनी शाळेत लॉगची कोष्टके हाताळली आहेत त्यांना हे नवीन नाही. गुणाकाराची बेरीज करण्याचीच ती युक्ती आहे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०११-१२ च्या स्थिर किमतींच्या (म्हणजे महागाईचा परिणाम वगळलेल्या) मालिकेत ते पहिले वर्ष ८७.३६ लाख कोटी रुपयांचे आहे. पुढची वर्षे अनुक्रमे ९२.१३, ९८.०१, १०५.२८, ११३.६९, १२३.०८, १३१.४५, १३९.९३ आणि २०१९-२० मध्ये १४५.३५ अशी आहेत. पहिल्या विद्यार्थ्याने फक्त पहिला आणि शेवटचा आकडा घेतला आणि आठ वर्षांत ८७.३६ चे १४५.३५ व्हायला किती टक्के चक्रवाढ लागेल ते काढले. ते ६.५७ येते. मधली सात वर्षे त्याच्या दृष्टीने नव्हतीच. ती कशीही गेली असती तरी त्याचे उत्तर तेच राहिले असते. दुसऱ्याने वरचे समीकरण नैसर्गिक लॉग (म्हणजे ‘ई’, सुमारे २.७१८, या आधाराचा लॉग) घेऊन सोडवले, त्याला ‘ब’ ०.०६७२ मिळाला आणि त्याने शंभराने गुणून ६.७२ लिहिले. तिसरीने तोच ‘ब’ घेतला, पण त्याचा घातांक घेऊन, म्हणजे ‘ई’चा ‘ब’ वा घात काढून, त्यातून एक वजा केला, तिला ६.९५ मिळाले. दुसऱ्याचा दर क्षणाक्षणाला होणाऱ्या वाढीचा आहे, तिसरीचा वर्षाच्या शेवटी हाती येणाऱ्या वाढीचा. आपण बोलताना ज्याला ‘वार्षिक वाढ’ म्हणतो तो तिसरीचा. फरक पाव टक्क्याहूनही कमी, म्हणून कुणी दुर्लक्ष करील. परंतु ‘ब’ ०.२० असेल, तर हाच फरक वीस आणि २२.१ टक्क्यांचा होतो, आणि महागाईने पोळलेल्या एखाद्या देशाच्या किमतींचा अभ्यास असेल तर मग काही विचारायलाच नको.

माझ्याकडूनही एकदा अशी चूक झाली आहे. नोकरीत असताना एका प्रबंधिकेत ‘ब’ ला शंभराने गुणून त्यालाच ‘चक्रवाढ वृद्धिदर’ म्हटले होते आणि मी सही करून मोकळा झालो होतो. तेव्हापासून ‘चक्रवाढ वृद्धिदर’ असा स्तंभ दिसला की आधी घातांक घेतला का, हे मी पाहतो.

आता २.९२ कडे येतो, कारण या उत्तरात लबाडी नाही, आळसही नाही. चौथ्या विद्यार्थ्याने एक्सेलमध्ये ‘लॉग’ नावाचे सूत्र वापरले. एक्सेलमध्ये ‘लॉग’ला आधार दिला नाही तर ते दहा हा आधार धरते; नैसर्गिक लॉग हवा असेल तर ‘एलएन’ लिहावे लागते. ‘आर’, ‘स्टाटा’ आणि ‘ईव्ह्यूज’ या संख्याशास्त्राच्या तिन्ही संगणकप्रणालींत मात्र ‘लॉग’ म्हणजे नैसर्गिक लॉगच. एसपीएसएसमध्ये दोन्हींना स्वतंत्र नावे असल्यामुळे तिथे घोटाळा कमी होतो. म्हणजे ‘लॉग’ हाच शब्द एका प्रणालीत एक अर्थ सांगतो आणि दुसरीत दुसरा. त्याने काढलेला चढ ०.०२९२ हा दहाच्या आधारावर अगदी अचूक आहे. त्याला २.३०२६ ने गुणले की ०.०६७२ परत मिळतो, किंवा दहाचा ०.०२९२ वा घात काढून एक वजा केला की थेट ६.९५ टक्के. चूक फक्त त्याला शंभराने गुणून टक्के म्हणण्यात होती. नऊ वर्षांत उत्पादन ८७ वरून १४५ वर गेले हे त्याच्या समोरच्या तक्त्यात दिसत होते, २.९२ टक्क्यांनी ते ११० च्या पुढे गेले नसते. एवढा तोंडी हिशेब केला असता तरी चूक सापडली असती. एक्सेलमध्येच ‘लॉगेस्ट’ नावाचे आणखी एक सूत्र आहे, ते लॉग घेण्याचे काम स्वतःच करते आणि उत्तर म्हणून १.०६९५ असा गुणक देते. तो पाहून ‘वाढ १०६.९५ टक्के’ असे लिहिलेलेही मी वाचले आहे.

समीकरण लिहिताना अडखळण्याची दुसरी जागा म्हणजे स्थिरपद, वरच्या मांडणीतला ‘अ’. ‘स्टाटा’ आणि ‘आर’ ते न सांगता धरतात. ‘ईव्ह्यूज’मध्ये ते चलांच्या यादीत स्वतः लिहावे लागते, आणि पायथनच्या एका प्रचलित सांख्यिकी संचात थेट आकड्यांचे स्तंभ दिले तर तिथेही ते आपणच जोडायचे असते. विसरले तर प्रणाली तक्रार करत नाही. ती रेषा शून्यातून नेते. वरच्याच आकडेवारीवर वर्षांना १ ते ९ क्रमांक देऊन मी मुद्दाम स्थिरपद गाळून पाहिले. चढ ०.०६७ ऐवजी ०.७६ आला. मग लाख कोटींऐवजी तेच आकडे कोटींत लिहिले, तर तो २.५८ झाला. रुपयांची एकके बदलली म्हणून देशाच्या वाढीचा वेग बदलू शकत नाही, हे कुणालाही पटेल. स्थिरपद असेल तर एकके बदलली तरी ‘ब’ जागचा हलत नाही, बदलतो तो फक्त ‘अ’. म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे असते की आकडे एकदा कोटींत आणि एकदा लाख कोटींत टाकून पाहा. ‘ब’ हलला तर समीकरण चुकीचे लिहिले गेले आहे. हीच गोष्ट काळाची. वर्षांऐवजी १, २, ३ असे क्रमांक दिले काय किंवा २०११, २०१२, २०१३ असे आकडे दिले काय, ‘ब’ तोच राहतो. दुसऱ्या पद्धतीत ‘अ’ उणे १३०.७ असा दिसतो, एवढेच. तो इसवी सन शून्यातील भारताचे उत्पादन सांगतो आहे म्हणून त्यावर निष्कर्ष लिहू नये, हेही एकदा एका प्रकल्पाच्या समासात लिहावे लागले होते.

आपल्याकडच्या आर्थिक वर्षाच्या लेखनपद्धतीमुळे एक वेगळीच गंमत होते. ‘२०११-१२’ असे टंकले की एक्सेल ते बहुधा डिसेंबर २०११ समजते. ‘२०१२-१३’ ला मात्र ते हात लावत नाही, कारण तेरावा महिना नसतो! परिणामी स्तंभातले पहिले वर्ष तारीख होते आणि बाकीची अक्षरे राहतात. तोच स्तंभ काळाचे चल म्हणून ‘आर’मध्ये दिला तर ती प्रणाली प्रत्येक वर्षाला एक स्वतंत्र गट मानते, नऊ निरीक्षणांना नऊ सहगुणक बसवते आणि आर-वर्ग (समीकरण आकड्यांशी किती जुळते याचे ० ते १ मधले माप) अगदी १ आणते. विद्यार्थी खूश होतो. रेषा मात्र कुठेच नसते. ‘आर’च्या समीकरणलेखनात घाताचे चिन्हही नेहमीच्या अर्थाने चालत नाही, काळाचा वर्ग समीकरणात घालायचा असेल तर तो ‘आय’ या वेष्टनात गुंडाळावा लागतो, नाहीतर वर्ग गुपचूप गळून पडतो आणि वाढ मंदावते आहे का, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

आर-वर्गाचा उल्लेख आलाच आहे तर थोडे थांबतो, कारण वाचकांची सर्वांत मोठी दिशाभूल तो करतो. आमच्या नऊ वर्षांच्या समीकरणाचा आर-वर्ग ०.९९६ आहे. ‘समीकरण ९९.६ टक्के अचूक’ असे वाक्य त्यावरून चौघांपैकी दोघांनी लिहिले. वाढत्या मालिकेवर काळाची रेषा बसवली तर आर-वर्ग जवळजवळ नेहमीच असा भरघोस येतो. मालिका वर जाते आहे यापलीकडे तो फारसे सांगत नाही. सांगणारे असते ते प्रत्यक्ष आकडा आणि रेषा यांतले अंतर, म्हणजे अवशेष. इथे पहिल्या वर्षाचा अवशेष धन आहे, पुढच्या तीन वर्षांचे ऋण, त्यानंतरच्या चार वर्षांचे धन, आणि २०१९-२० चा पुन्हा ऋण, तोही सर्वांत मोठा, सुमारे २.१ टक्क्यांचा. चिन्हे अशी झुंडीने येतात तेव्हा अवशेष एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. ही स्वतंत्रता तपासणारा डर्बिन-वॉटसन अंक इथे १.१६ च्या आसपास येतो. तो दोनच्या जवळ हवा. त्या झुंडीमागे जी गोष्ट आहे ती सर्वांना आठवत असेल. २०१५-१६ आणि २०१६-१७ या वर्षांत वाढ आठ टक्क्यांच्या घरात होती आणि २०१९-२० मध्ये ती चार टक्क्यांच्याही खाली आली. ‘सरासरी ६.९५’ या एका आकड्याखाली ही सारी घसरण गाडली जाते. साथ येण्याआधीच अर्थव्यवस्था मंदावली होती, हे त्या समीकरणाला ठाऊक होते. आर-वर्गाच्या कौतुकात ते कुणी पाहिले नाही, इतकेच.

आता साथीचे वर्ष घालून पाहू. २०२०-२१ मध्ये उत्पादन १३६.९५ लाख कोटींवर आले. हे एक वर्ष जोडले की दोन टोकांचा चक्रवाढ दर ६.५७ वरून थेट ५.१२ वर पडतो. रेषेचा दर ६.९५ वरून ६.१० वर येतो. दोन्ही रीतींना एकच धक्का बसला, पण टोकांच्या रीतीला जास्त, कारण तिचा अर्धा भार शेवटच्या वर्षावर असतो. एखाद्या पक्षाच्या प्रवक्त्याला कोणता शेवट सोयीचा आणि त्याच्या विरोधकाला कोणता, हे मी सांगायला नको.

काहीजण या वर्षासाठी समीकरणात डमी चल घालतात, म्हणजे त्या वर्षी १ आणि बाकी वर्षांना ०. तसे केले की ‘ब’ पुन्हा अगदी ०.०६७२ होतो, कारण एकाच वर्षाची डमी ते वर्ष रेषेच्या हिशेबातून काढूनच टाकते. डमीचा सहगुणक उणे ०.१४८ येतो. त्याचा अर्थ उत्पादन १४.८ टक्क्यांनी घटले, असा लावणे दुहेरी चूक आहे. पहिली गोष्ट, लॉगमधल्या उणे ०.१४८ चे खरे टक्के घातांक घेऊन काढावे लागतात आणि ते १३.७ होतात. दुसरी अधिक महत्त्वाची: अधिकृत आकडेवारीनुसार त्या वर्षी उत्पादन आधीच्या वर्षापेक्षा ५.८ टक्क्यांनी घटले. मग १३.७ कुठून आले? ते जुनी रेषा तशीच पुढे नेली असती तर उत्पादन जिथे असते तिथपासूनचे अंतर आहे, आणि त्यात २०१९-२० च्या मंदीचा वाटाही मिसळलेला आहे. सगळे खापर साथीवर फोडायचे असेल तर हा आकडा फार उपयोगी पडतो. ज्याला ५.८ आणि १३.७ यांतला फरक समजला त्याला तो तितकासा उपयोगी पडत नाही.

याच वर्षाच्या बाबतीत एक चूक इतकी मूक आहे की ती पकडायला मला दोन दिवस लागले. एका विद्यार्थिनीने उत्पादनाऐवजी वार्षिक वाढीच्या दराचाच लॉग घेतला. वाढीचा दर उणे असेल तर त्याचा लॉग अस्तित्वात नाही. एक्सेल अशा ठिकाणी चूक झाल्याचे दाखवते, पण ‘स्टाटा’ आणि ‘आर’ ते निरीक्षण रिकामे मानून बाजूला ठेवतात आणि उरलेल्या वर्षांवर समीकरण सोडवतात. एक लहानशी सूचना पडद्यावर येते, ती कुणी वाचत नाही. अशा रीतीने तिच्या अभ्यासातून २०२०-२१ हे एकमेव वर्ष नाहीसे झाले, आणि निष्कर्षात ‘साथीचा वाढीवर लक्षणीय परिणाम आढळला नाही’ असे वाक्य आले. निरीक्षणांची संख्या तक्त्याच्या तळाशी छापलेली असते. अपेक्षेपेक्षा ती एकाने कमी होती.

महाराष्ट्राच्या वाचकांना हे सारे दिल्लीच्या आकड्यांचे प्रकरण वाटू नये, म्हणून शेतीचे उदाहरण देतो. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांत सोयाबीन, कापूस, तूर, भात यांसारख्या पिकांचे क्षेत्र, उत्पादन आणि उत्पादकता यांचे चक्रवाढ वृद्धिदर काढणे हा वर्षानुवर्षांचा रिवाज आहे आणि त्यासाठी वापरतात ते समीकरण हेच. उत्पादन म्हणजे क्षेत्र गुणिले उत्पादकता. लॉग घेतला की तो गुणाकार बेरजेत बदलतो, आणि म्हणून एकाच काळासाठी तिन्ही समीकरणे सोडवली तर उत्पादनाचा ‘ब’ हा क्षेत्राच्या आणि उत्पादकतेच्या ‘ब’ ची अगदी तंतोतंत बेरीज असायलाच हवा. क्षेत्राचा ०.०२ आणि उत्पादकतेचा ०.०३ असेल तर उत्पादनाचा ०.०५. चक्रवाढ दर मात्र २.०२, ३.०५ आणि ५.१३ असे येतात आणि त्यांची बेरीज नेमकी जमत नाही, हेही साहजिक आहे. ‘ब’ चीच बेरीज जमत नसेल, तर कुठल्या तरी वर्षाचा आकडा एका स्तंभात आहे आणि दुसऱ्यात नाही, किंवा हेक्टर आणि एकर मिसळले आहेत, असे खुशाल समजावे. एखाद्या जिल्ह्याच्या सोयाबीनवरचा अहवाल हाती आला की मी आधी ही बेरीज करतो. वाचकही करू शकतात, त्याला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही.

शेतीतच दुसरा प्रश्न फार जाणवतो. दुष्काळाच्या वर्षी मालिका सुरू केली तर वाढ फुगते, दुष्काळावर संपवली तर आक्रसते. म्हणून दोन टोकांपेक्षा रेषेची रीत बरी. पण लांबचा काळ तुकड्यांत मोडून प्रत्येक दशकाला वेगळी रेषा बसवली तर त्या रेषा सांध्यावर जुळत नाहीत, आणि कधी कधी दोन्ही दशकांचे दर संपूर्ण काळाच्या दरापेक्षा जास्त निघतात, जे समजावून सांगताना शिक्षकाची त्रेधा उडते. अर्थतज्ज्ञ जेम्स बॉइस यांनी १९८६ मध्ये यावर सांधा जुळवून दोन तुकड्यांची एकच रेषा बसवण्याची पद्धत मांडली, आणि भारतीय शेतीच्या अभ्यासात ती पुष्कळ वापरली गेली. देशाच्या वाढीचे वळण १९८० च्या सुमारास आले की १९९१ नंतर, हा वादही शेवटी सांधा कुठे धरायचा याचाच वाद होता. नीरज हातेकर आणि अंबरीश डोंगरे या अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये पल्ला लांबवून विसाव्या शतकाची आकडेवारी घेतली, तेव्हा स्वातंत्र्यानंतरचे वळण अधिक ठळक दिसले. आकडे बदलले नव्हते, चौकट बदलली होती.

अनेक देशांची तुलना करणाऱ्या समीकरणांबद्दल एकच गोष्ट सांगतो. ग्रेगरी मॅनक्यू, डेव्हिड रोमर आणि डेव्हिड वाइल या अर्थतज्ज्ञांनी १९९२ मध्ये, तेलसंपन्न देश वगळून ९८ देशांच्या १९६० ते १९८५ या काळातील आकडेवारीवर जे समीकरण बसवले, त्यात लोकसंख्यावाढीच्या दरात ०.०५ मिळवून मग त्या बेरजेचा लॉग घेतला आहे. तो ०.०५ म्हणजे तंत्रज्ञानाची प्रगती आणि भांडवलाची झीज यांची एकत्रित रक्कम. लोकसंख्यावाढ टक्क्यांत, म्हणजे ०.०२ ऐवजी २ अशी लिहिलेली असेल, तर ०.०५ मिळवण्याला काही अर्थच उरत नाही, आणि समीकरण तरीही सुटते. बेरजेचा लॉग म्हणजे लॉगची बेरीज नव्हे, हे नववीच्या वर्गातले वाक्य इथे पदव्युत्तर पातळीवर पुन्हा शिकवावे लागते.

आणखी एक सापळा वृत्तपत्रांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. २०११-१२ हे एकच वर्ष जुन्या २००४-०५ च्या मालिकेत घटक किमतीला (म्हणजे अप्रत्यक्ष कर वजा करून आणि अनुदाने मिळवून) सुमारे ५२ लाख कोटी रुपयांचे आहे आणि २०११-१२ च्या मालिकेत बाजारभावाने ८७ लाख कोटींचे. दोन मालिका न सांधता एकाखाली एक लावल्या तर समीकरणाला त्या एका वर्षात उत्पादन पन्नास टक्क्यांहून अधिक वाढल्याचे दिसते आणि ‘ब’ त्या खोट्या उडीने फुगतो. आधारवर्ष बदलते तेव्हा आलेख छापणाऱ्या प्रत्येकाने दोन्ही मालिकांत सापडणाऱ्या एका वर्षाच्या गुणोत्तराने जुनी मालिका वर उचलून घ्यायला हवी. लॉगमध्ये तर ते काम केवळ एक संख्या मिळवण्याचे आहे. आलेखाखाली बारीक अक्षरांत ‘मालिका सांधलेली आहे’ असे लिहिले तरी पुरे.

म्हणून आपल्याला माझी विनंती अशी आहे. वाढीचा सरासरी दर छापताना त्याच्या शेजारी एक ओळ द्यावी: काळ कोणता, किमती चालू की स्थिर, दर दोन टोकांवरून काढला की लॉगच्या रेषेवरून, आणि कुठले वर्ष वगळले असल्यास कोणते. ‘२०११-१२ ते २०१९-२०, स्थिर किमती, लॉग रेषा, चक्रवाढ ६.९५ टक्के’ ही ओळ एका स्तंभाच्या रुंदीत सहज बसते. आपल्या अर्थविषयक लेखकांनी हे आनंदाने करावे असे मला वाटते, कारण विचारणारा वाचक त्यांनाही हवाच असतो. माझ्या चौथ्या विद्यार्थ्याने त्याचा तक्ता दुरुस्त करून पाठवला आहे. त्यात आता ६.९५ आहे, आणि खाली त्याने स्वतःहून लिहिले आहे, ‘आधार: नैसर्गिक लॉग, निरीक्षणे: ९’.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक, सातारा